झाकण

सातव्या प्रकरणापर्यंत रोसामेल जिवंत आहे.
शिट्टी वाजवतो, बटाट्याची भाकर
चुलीवरून थेट उचलतो, बोटं पोळून घेतो.
मी त्याला उगाच दोन-दोन पानं जेवू घालते.
सांतियागोचे संपादक समासात लिहितात :
इथे कथानक रेंगाळतं.
रेंगाळू दे.

त्यांना वादळ हवं होतं. वादळ नव्हतं.
एप्रिलमधला साधा मंगळवार,
समुद्र घडी घालून ठेवलेल्या चादरीसारखा.
होडीत एलिएसेर. खाली अठरा मीटरवर रोसामेल,
जाळीत शिंपले भरत.
दोघांच्या मध्ये हवेची पिवळी नळी,
आमच्या घरातली सगळ्यात महाग वस्तू,
कॉम्प्रेसरचे दोन हप्ते अजून फेडायचे होते.

कॉम्प्रेसरने शेवटची उचकी दिली
तेव्हा एलिएसेर पाठमोरा,
पेट्रोलच्या लाल कॅनचं झाकण शोधत होता.
झाकण त्याच्याच खिशात होतं.

शेजारणी आईला म्हणाल्या, एदेल्मिरा, दम धर.
आईने विचारलं, किती वेळ?
माणूस किती वेळ धरू शकतो?
मग कुणी काही म्हणालं नाही.

बाबा तेव्हापासून एलिएसेरला पाण्यात पाहू लागले.
जेवायला तो आला की उठायचे,
मीठ हवं असलं तर माझ्याकडे मागायचे,
मीठ त्याच्यापुढे असलं तरी.

नोव्हेंबरात म्हणाले, घर हलवायचं. वर, टेकडीवर,
जिथून लाट ऐकूही येणार नाही.
चिलोएत घरं हलतात. मिंगा म्हणतात त्याला.
बुडाखाली ओंडके, पुढे बैल,
गावाने हात लावायचा, घरवाल्याने गाव जेववायचं.
तीच माणसं आली,
सात महिन्यांत दुसऱ्यांदा खांदा द्यायला.

बाउदिलिओंचे सोळा बैल.
दोर ताणले, भिंतीवरच्या लाकडी फळ्या करकरल्या,
आणि माझं बालपण, धुराड्यासकट, चिखलातून निघालं.
बाबा पुढे, बैलांच्या शिंगांशी ओरडत.
एलिएसेर मागे,
घराखालून सुटलेला ओंडका उचलायचा,
वळसा घालून पुढे टाकायचा, परत मागे जायचा.
दोघांच्या मध्ये आख्खं घर.
संध्याकाळपर्यंत त्याच्या तळहातांची सालं निघाली.
बाबांनी पाहिलं. पाहिलं एवढंच.

ठरलं होतं, घराची पाठ समुद्राकडे.
टेकलं तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी
नेमकी पाण्याकडे तोंड करून उभी.
बाबा बाउदिलिओंवर धावले.
त्यांनी टोपी काढली आणि आईकडे बघितलं.
आई म्हणाली, बैल वळले नाहीत,
आणि चुलीत लाकूड सारलं.

आमच्या कुटुंबात ह्याहून मोठं भांडण
मी कादंबरीतही लिहू शकलेले नाही.

हस्तलिखित मी एलिएसेरला पाठवलं.
नऊ आठवडे काही नाही.
तो आता कास्त्रोच्या एका बेकरीत पहाटपाळीला,
पाण्यापासून चार गल्ल्या आत.
मग एका रविवारी फोन. मागे ट्रे आदळल्याचे आवाज.

कॅन लाल नव्हता, म्हणाला. निळा होता.
बरं. बाकी?
बाकी आहे तसंच आहे.
मग बराच वेळ नुसते ट्रे.
झाकणाचं तुला कोणी सांगितलं?

तुझी विजार मी धुतली होती.

त्याने फोन ठेवला नाही. मीही नाही.
कुणीतरी त्याला हाक मारली, पाव करपतोय,
तो येतो म्हणाला, आणि गेला नाही.

त्या रात्री एकोणचाळीस ठिकाणी
लाल खोडून निळा केला.
झाकणाच्या ओळीवर पेन्सिल टेकवली,
उचलली.
तिथे एक ठिपका आहे अजून.
संपादक विचारतील, हा पूर्णविराम का.